क्राइनचा तिसरा हाफ

आमच्या कँटीनमध्ये कॉफीचे कप दोन मापांचे आहेत. एक माप सगळ्या जगासाठी आणि दुसरं क्राइन बोर्सबोमसाठी, कारण साध्या कपाच्या कानात त्याचं बोट शिरत नाही. हेरिंग मासे धरणाऱ्या घराण्यातला तो. आजोबा-पणजोबांनी जन्मभर समुद्रात जाळी ओढली आणि ते हात वारसाहक्कानं याच्याकडे आले. आमच्या या व्लार्डिंगन गावात आता मासेमारी उरली नाही, हात तेवढे उरले. त्यांचं करायचं काय, म्हणून हा गोलकीपर झाला, असं त्याची बायको माइके सांगते.

मी बेप. या मैदानाचं कँटीन मी चालवते. अध्यक्ष येतात आणि जातात, किल्ल्या माझ्याकडेच असतात. त्यामुळे इथल्या माणसांबद्दल मी जे सांगते ते ऐकीव नसतं, आणि ते मी गोड करूनही सांगत नाही. गोड हवं असेल त्यानं काउंटरवरचा केक घ्यावा.

तर क्राइन. तो काही फार मोठा खेळाडू नव्हता. दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाच्या गोलमध्ये तो बरीच वर्षं उभा राहिला, एवढंच. त्या काळी असल्या क्लबात खेळून घर चालत नसे, म्हणून दिवसा तो मास नदीवरच्या फेरीबोटीत तिकिटं तपासायचा आणि संध्याकाळी सरावाला जायचा. रविवारी गोल खाल्लेल्या माणसाला सोमवारी सकाळी अख्ख्या गावासमोर उभं राहावं लागणं, ही शिक्षा मी वैऱ्यालाही देणार नाही. एक दूधवाला होता, तो दर सोमवारी न चुकता म्हणायचा, "काल तीन सोडलेस, आज मला एकट्याला सोड की."  क्राइन त्या दूधवाल्याचं तिकीट तेवढं उजेडात धरून उलटसुलट तपासायचा आणि मागच्या रांगेला थांबवून ठेवायचा.

पुढे त्याचे गुडघे गेले, मग खुबा गेला, मग फेरीवरची नोकरीही संपली. तोवर त्याच्यासारखे आणखी बरेच जण घरात बायकांच्या पायात येऊ लागले होते. त्यांनी मिळून निवृत्त फुटबॉलपटूंची संघटना काढली आणि माझ्या कँटीनमधलं खिडकीजवळचं लांब टेबल बळकावलं. संघटनेचं नाव 'आखडलेले पाय'. हे नाव फॉप डी झेव्हनं ठेवलं. फॉप त्यांचा सेंटर फॉरवर्ड. त्यानं मारलेला एक गोल मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो मीच मारला असं मला वाटतं. दर वर्षी तो गोल आणखी थोडा लांबून मारलेला असतो, सध्या जवळजवळ गाड्या लावतात तिथपर्यंत पोचला आहे.

या संघटनेचं काम काय, तर कॉफी पिणं, आजच्या पोरांना खेळता येत नाही असं म्हणणं आणि एकमेकांच्या अंत्ययात्रेला जाणं. उंटावरून शेळ्या हाकायला यांना कुणी पगार दिला असता तर सगळे श्रीमंत झाले असते. मी त्यांना तसं तोंडावर म्हणायची. ते हसून आणखी कॉफी मागायचे.

एकदा असेच सगळे काळे कोट घालून त्यांच्या लेफ्ट विंगरला पोचवून परत आले आणि टेबलाशी बसले. केक छान झाला होता, सगळे दोनदोन तुकडे घेत होते. क्राइननं मात्र बशी बाजूला सारली. म्हणाला, "कुणी गेलं की आपण जमतो. कुणी येतंय म्हणून कधी जमणार?"

कुणाला काही कळलं नाही. मग त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. मैदानाच्या मागे उंच इमारती आहेत, आणि मैदानाच्या जाळीला त्या इमारतींमधली पोरं नेहमी चिकटलेली असत. त्यांना क्लबात खेळता येत नसे. आमच्याकडे मुलांचे सामने शनिवारी सकाळी असतात, आज या गावी तर उद्या त्या गावी, आणि पोरांना तिथे गाडीनं नेणारं कुणीतरी मोठं माणूस लागतं. यांच्या आया शनिवारी हरितगृहांत टोमॅटो खुडत असतात नाहीतर कुणाची तरी ऑफिसं पुसत असतात. बाप कुठे आहेत ते मी विचारत नाही.

अशा रीतीनं बुधवार सुरू झाले. बुधवारी दुपारी शाळा नसते, मैदान रिकामं असतं, आणि 'आखडलेले पाय' तर कायमच रिकामे असतात. त्यांनी जाळीतलं दार उघडलं आणि पोरं आत आली. मी म्हटलं, पंधरा दिवसांत या म्हाताऱ्यांचा दम संपेल. संपला नाही. फॉप शिट्टी फुंकायला लागला, कुणी पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागलं, आणि क्राइननं गोलमागे एक घडीची खुर्ची टाकली. तिथून तो गोलकीपर पोरांशी बोलत बसायचा. माइके मला एकदा हळूच म्हणाली की हा आता झोपेतसुद्धा "पुढे ये, पुढे ये" म्हणतो, आणि तिला वाटतं तिलाच बोलावतोय.

आता तिसऱ्या हाफबद्दल सांगायला हवं, कारण सगळं महाभारत त्यावरूनच घडलं. फुटबॉलला दोन हाफ असतात. पण आमच्याकडे सामना संपला की दोन्ही संघ कँटीनमध्ये एका टेबलाशी बसतात, खातात, पितात, एकमेकांना चिडवतात. त्याला आम्ही तिसरा हाफ म्हणतो. अर्धे दोनच असतात, तिसरा कुठून आला, हा प्रश्न इथे जन्मलेल्या माणसाला पडतच नाही. 'आखडलेले पाय' तर गेली कित्येक वर्षं फक्त तिसराच हाफ खेळत होते. बुधवारच्या पोरांसाठीही त्यांनी तो सक्तीचा केला. सूप मी करायचे, ब्रेडवर चॉकलेटचा चुरा पोरं स्वतःच घालायची, म्हणजे तो नंतर आठवडाभर माझ्या फटींमधून निघायचा.

सेनाइत आली ती पानगळीच्या दिवसांत. नऊ-दहा वर्षांची, काटकुळी, एरिट्रियाची. आईबरोबर सहाव्या मजल्यावर राहायची. बोलायची फार कमी. आमची भाषा तिला येत होती, पण ती जपून वापरायची. पहिल्या दिवशी कुणीही जिथे उभं राहायला तयार नव्हतं तिथे, म्हणजे गोलमध्ये, तिला उभं केलं. इल्यास नावाचा एक दांडगा पोरगा आहे, त्यानं पाच पावलांवरून चेंडू हाणला. चेंडू तिच्या कपाळावर आपटून बाहेर गेला. ती रडली नाही. तिनं चेंडूकडे पाहिलं, इल्यासकडे पाहिलं आणि परत गुडघे वाकवून उभी राहिली.

क्राइन त्या दिवशी कँटीनमध्ये आला तो कॉफी न घेता काउंटरला टेकून उभा राहिला. "बेप," तो म्हणाला, "डोळे मिटले नाहीत तिनं. चेंडू तोंडावर येताना डोळे उघडे ठेवणं शिकवता येत नाही. मलाही आलं नाही कधी. मी आयुष्यभर शेवटच्या क्षणी डोळे मिटले आणि हात मोठे म्हणून निभावलं." फॉप म्हणाला, हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं.

पण सेनाइत दुसरा हाफ संपला की निघून जायची. एका बुधवारी क्राइननं तिला जाळीच्या दाराशी अडवलं आणि सांगितलं, "थांब. अजून तिसरा हाफ आहे." तिनं मान हलवली आणि ती थांबली.

त्या दिवशी बारीक पाऊस होता. मी सूप वाढलं, पोरं तुटून पडली, आणि एक वाडगं उरलं. मी खिडकीशी गेले. बाहेर मैदानावर कुणी नव्हतं, फक्त सेनाइत गोलमध्ये उभी होती. हातमोजे एकमेकांवर आपटत, या पायावरून त्या पायावर होत, तिसऱ्या हाफची वाट बघत. फॉप हसून हसून खोकायला लागला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. क्राइन हसला नाही. त्यानं टोपी घातली आणि बाहेर गेला.

मला वाटलं, तो तिला आत घेऊन येईल. पण त्यानं पिशवीतून चेंडू काढला, पेनल्टीच्या जागी ठेवला आणि आपल्या त्या मोडक्या खुब्यानं लाथ मारली. तिनं अडवला. त्यानं परत मारला. मग इल्यास तोंडात ब्रेड कोंबून पळाला, त्याच्यामागे बाकीची, आणि शेवटी फॉपसुद्धा. माझं सूप गार झालं. मी दारात उभी राहून भांडले, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. आत आल्यावर सेनाइतनं क्राइनला विचारलं की आता संपला का तिसरा हाफ. खरं सांगून तिला लाजवायचं त्याच्या जिवावर आलं असणार. तो म्हणाला, "तिसऱ्या हाफचे दोन भाग असतात. हा पहिला झाला. दुसऱ्यात सूप."

त्यानंतर तसाच पायंडा पडला. दर बुधवारी दोन हाफ, मग तिसऱ्याचा पहिला भाग पेनल्ट्यांचा, मग दुसरा भाग सुपाचा. सेनाइत आता टेबलाशी बोलायला लागली, आणि बोलायला लागल्यावर कळलं की ती चांगलीच फटकळ आहे. फॉपला तिनं विचारलं की तो गोल मारला तेव्हा तो गाडीत बसून आला होता का. मला ती पोरगी फार आवडली.

आणि मग एका बुधवारी ती आली नाही. पुढच्या बुधवारीही नाही. क्राइन खुर्ची टाकून गोलमागे बसला. त्या जागी दुसरा पोरगा उभा केला होता, पण क्राइन त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. शेवटी टेबलाशी इल्यासनं सांगितलं. तो तिच्याच इमारतीत राहतो.

"तिला बंद केलंय. खोटं बोलली म्हणून."

काय खोटं बोलली, ते त्यानं तोंडभर ब्रेड घेऊनच सांगितलं. एकदा तिची आई कामावरून आली तेव्हा अंधार पडला होता आणि सेनाइत घरात नव्हती. आई सपाता घालून खाली शोधत फिरली. सेनाइत उड्या मारत आली. कुठे होतीस, तर तिसऱ्या हाफला. आई म्हणाली, फुटबॉलला दोन हाफ असतात. सेनाइत म्हणाली, इथे तीन असतात आणि तिसऱ्याचे परत दोन असतात. आणि एकात सूप असतं. तिथे सगळं संपलं.

टेबलाशी हशा पिकला. फॉपनं डोळे पुसले. क्राइन मात्र पांढराफटक पडला. तो म्हणाला, "माझ्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून पोर खोटारडी ठरली." मग त्यानं मला विचारलं, हे मी कसं निस्तरू. मी म्हटलं, ज्या तोंडानं केलंस त्याच तोंडानं. घरी जाऊन सांग.

पण आमच्याकडे कुणी कुणाच्या घरी असं उठून जात नाही, सख्ख्या भावाकडेसुद्धा आधी वार आणि वेळ ठरवून जातात. क्राइन दोन दिवस त्या इमारतीखाली जाऊन परत आला. तिसऱ्यांदा मी त्याला बेल दाबायला लावली. बेलशेजारच्या बोलायच्या जाळीतून सेनाइतचा आवाज आला. आई कामावर आहे, ती म्हणाली, रविवारी या. मग जरा थांबून तिनं विचारलं, गोलमध्ये कोण उभं राहतंय. क्राइननं सांगितलं, कुणी नाही. हे खरं नव्हतं, पण तिला बरं वाटलं असावं.

रविवारी मीही गेले, कारण एकट्याला सोडलं असतं तर हा दारातच नमस्कार करून बिस्किटांचा डबा ठेवून पळाला असता. आईचं नाव लेतेब्रहान. अंगानं लहान, पण बघायची अशी की आपण काहीतरी चोरलं आहे की काय, असं वाटावं. अंगावर पांढरी सुती शाल. तिनं आम्हाला बसवलं आणि आमच्यासमोरच कॉफीच्या हिरव्या बिया छोट्या कढईत भाजायला घेतल्या. मला वाटलं होतं, कॉफी घेऊ, बोलू, निघू. अर्धा तास झाला तरी अजून बियाच भाजत होत्या. धूर आमच्या नाकाशी आणून तिनं आम्हाला वास घ्यायला लावला. क्राइननं इतक्या आदरानं हुंगलं की त्याला शिंक आली.

अखेर काळ्या मातीच्या सुरईतून कॉफी आली. कप अंड्याएवढे, त्यांना कानच नव्हता, त्यामुळे क्राइनची अडचण मिटली. तो कप त्यानं पाखराचं पिल्लू धरावं तसा ओंजळीत धरला. सेनाइत दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगू लागली.

"आई विचारते, तुम्ही फुटबॉल खेळायचात तिथे किती हाफ असायचे?"

"दोन," क्राइन म्हणाला.

आईनं मुलीकडे नुसतं पाहिलं. क्राइन घाईघाईनं म्हणाला, "आणि तिसरा."

मग लेतेब्रहान बरंच बोलली. तिचे वडील तिकडे एरिट्रियात, केरेनमध्ये, रेफरी होते. जन्मभर त्यांनी शिट्टी वाजवली, सैनिकांच्या संघांना वाजवली, पाद्र्यांच्या संघांना वाजवली, आणि दोनच हाफांना वाजवली. रेफरीच्या नातीनं तिसऱ्या हाफची थाप मारावी, हे तिला सहन झालं नव्हतं. क्राइन म्हणाला की तिसऱ्याला शिट्टीच नसते. मग तो संपतो कसा, असं तिनं विचारलं. क्राइननं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सूप संपलं की. हे सेनाइतनं आईला सांगितलं तेव्हा तिचाही आवाज पडला, कारण ऐकायला ते खरोखरच थापेसारखं वाटत होतं.

आईनं सुरईत पाणी घालून दुसऱ्यांदा कॉफी उकळली. आम्ही दुसरा कप प्यायलो. क्राइनला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि त्याचा काही उपयोग झालेला दिसत नव्हता. आणि आमच्याकडे पाहुण्यानं दोन कप कॉफी घ्यावी आणि उठावं, ही रीत आहे. तिसऱ्या कपाची वाट बघत बसणाऱ्याला लोक लोचट म्हणतात. क्राइन खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. मीही पर्स उचलली.

लेतेब्रहानचा चेहरा एकदम उतरला. रागानं नाही, तिला लागलं होतं. ती मुलीला काहीतरी म्हणाली.

"बसा ना," सेनाइत म्हणाली. "अजून तिसरा आहे."

बोलून झाल्यावर ती काय बोलली ते तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. क्राइन तसाच अर्धा उठलेला, अर्धा बसलेला राहिला. त्या खुब्याला तसं राहणं किती दुखत असेल, मला माहीत आहे.

"तिसरा काय?" त्यानं विचारलं.

"कप. पहिला कप असतो, दुसरा असतो, मग तिसरा. त्याला बेरेका म्हणतात. म्हणजे आशीर्वाद. तो न घेता कुणी उठलं तर ते रागावून गेलं असं होतं. आई विचारते, तुम्ही रागावलात का?"

क्राइन हळूहळू खाली बसला. तो बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोलला. "आईला सांग," तो म्हणाला, "आम्हीपण पहिल्या हाफात भांडतो आणि दुसऱ्यात भांडतो. ढकलाढकली होते, शिव्या होतात. मग एका टेबलाशी बसतो, म्हणजे कुणी रागावून घरी जाऊ नये. तोच तिसरा. आमच्याकडे त्याला चांगलं नाव नाही, म्हणून हाफ म्हणतो. तू खोटं बोलली नाहीस. आणि सूपसुद्धा खरं आहे, या बाईंनीच केलेलं असतं."

सेनाइतनं हे सगळं सांगायला बराच वेळ घेतला. मध्ये एकदा ती अडली आणि आईनंच तिला शब्द पुरवला. मग आई मुलीकडे वळली आणि फार हळू काहीतरी म्हणाली. सेनाइत मान खाली घालून बसली. मला राहवलं नाही, मी विचारलं, काय म्हणाली गं. "ते माझं आहे," सेनाइत म्हणाली, आणि तिनं ते मला आजतागायत सांगितलेलं नाही.

तिसरी कॉफी पातळ होती, जवळजवळ पाणीच. क्राइननं ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पण लेतेब्रहान "हो" म्हणाली नाही. अंधार, एकटं पोर, आणि ती स्वतः दूर हरितगृहात, हे काही कॉफीनं बदलणार नव्हतं. क्राइन म्हणाला, मी स्वतः तिला दारापर्यंत पोचवीन. ती म्हणाली, बघू. जिना उतरताना क्राइननं मला विचारलं की त्यांच्या भाषेत 'बघू'चा अर्थ काय होत असेल. मी म्हटलं, सगळ्या आयांच्या भाषेत होतो तोच.

बुधवारी त्यानं दुपारपासून खुर्ची टाकली. पोरं आली, फॉपनं संघ पाडले, आणि तेव्हा जाळीच्या दारातून दोघी आल्या. सेनाइत पळतच गोलमध्ये गेली. आई जाड कोटावर पांढरी शाल घेऊन मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, कॉफी देऊ केली. तिनं मानेनंच नको म्हटलं. ती तपासायला आली होती, आणि तपासणीचा निकाल लागायचा होता. क्राइननं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, पण त्याची टोपी सारखी डोक्यावरून हातात आणि हातातून डोक्यावर जात होती.

पहिला हाफ बरा गेला. दुसऱ्यात सेनाइतनं दोन असे अडवले की मी सूप ढवळायचं सोडून दारात आले. दोन्ही संघ बरोबरीत होते. आणि तेव्हा सेनाइतच्याच संघातल्या एका पोरानं गोलसमोर चेंडूला हात लावला. फॉप त्या वेळी कुणाला तरी आपल्या गोलची गोष्ट सांगत असावा, त्याला काही दिसलं नाही. कडेवरून लेतेब्रहान ओरडली. काय ओरडली ते कुणाला कळलं नाही, पण तिनं स्वतःच्या दंडावर थाप मारून दाखवली आणि मग सरळ पेनल्टीच्या जागेकडे बोट केलं. तिचा तो उगारलेला हात बघून फॉपनं निमूटपणे शिट्टी वाजवली.

सेनाइत आईकडे बघतच राहिली. स्वतःच्या मुलीवर पेनल्टी. क्राइन खुर्चीत मागे रेलून हसायला लागला, आवाज न करता, नुसते खांदे हलवून. इल्यासनं चेंडू ठेवला आणि कोपऱ्यात मारला. सेनाइत झेपावली, बोटं लागली, पण चेंडू आत गेला. सामना त्यावरच संपला.

त्या दिवशी पेनल्ट्यांच्या भागाचा विषय कुणी काढला नाही. सगळे सरळ टेबलाशी आले. लेतेब्रहानला मी क्राइनच्या शेजारी बसवलं. सूप समोर होतं, पण आमच्या टेबलाचा एक नियम आहे. ज्यानं आपल्याला हरवलं त्याला हरलेल्यानं एक चांगला शब्द द्यायचा, आणि तो दिल्याशिवाय चमचा उचलायचा नाही. हा शब्द सेनाइतनं इल्यासला द्यायचा होता. ती हाताची घडी घालून आईसारखीच बसली होती. इल्यास दात काढत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. पोरं चमचे वाजवायला लागली. 

सेनाइतनं मान वर केलीच नाही. शेवटी लेतेब्रहाननं शेजारच्या पोराला खूण करून विचारलं की काय चाललं आहे, आणि त्यानं तिला हातवारे करून समजावलं. ती उभी राहिली. आमची भाषा ती हरितगृहातल्या मुकादमाकडून शिकली होती, म्हणजे 'चांगला', 'खराब', 'लवकर', 'उद्या' आणि वारांची नावं, एवढीच.

ती इल्यासला म्हणाली, "चांगला. फार चांगला." मग तिनं मुलीकडे पाहिलं, आणि शब्द शोधत म्हणाली, "पुढचा बुधवार... नाही."

चमचे वाजायचे थांबले. मी हातातला डाव तसाच भांड्यात सोडला. क्राइननं टोपी टेबलावर ठेवली आणि दोन्ही मोठे हात तिच्यावर ठेवले. सेनाइतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

लेतेब्रहाननं आमचे सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे तिला कळलं, पण काय ते कळेना. मग तिनं मान हलवली, दोन्ही तळवे पुढे केले, चेंडू अडवताना करतात तसे, आणि इल्यासकडे रोखून बघत उरलेला शब्द जोडला.

"गोल," ती म्हणाली. "पुढचा बुधवार, गोल नाही."

"बघूच," इल्यास म्हणाला, आणि सेनाइतनं टेबलाखालून त्याला एक सणसणीत लाथ घातली.